लाडवातलं लायसीन जपणाऱ्या रणपिसेबाई

डॉ. शांता रणपिसे यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या भाजणीला नावं ठेवली त्या दिवशी. बिबवेवाडीत आमचं भाजणी केंद्र आहे. आम्ही काही बायका मिळून थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लाडू असं करतो आणि पुढच्याच गाळ्यात विकतो. जवळच राहणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीकडे आलेल्या बाई जाता जाता गाळ्यावर थांबल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बरणीचं झाकण उघडून त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"वास फार छान आहे."

"ख्यातीच आहे आमची," मी म्हटलं.

"म्हणूनच काळजी वाटते."

पुण्यात जन्म काढून टोमणा कळू नये इतकी मी भोळी नाही. "काळजी वाटत असेल तर नेऊ नका," मी म्हटलं. बाईंनी शांतपणे पिशवी पुढे केली. "अर्धा किलो द्या. काळजी माझी नाही, मी वाढायची ती वाढून झाले. ते तपकिरी लाडू कुणासाठी आहेत?"

ते लाडू बालवाडीचे होते. वस्तीतल्या मुलांसाठी एक संस्था बालवाडी चालवते, तिथे रोज आमचे पौष्टिक लाडू जात. डाळीचं पीठ, गव्हाचं पीठ, दुधाची पावडर, गूळ. सगळं चांगलं, सगळं स्वच्छ. पण नेमकं त्याच सुमारास संस्थेच्या बाईंनी आम्हाला कळवलं होतं की मुलं लाडू आवडीने खातात, तरी बऱ्याच जणांची वाढ जशी हवी तशी दिसत नाही. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर लाडू बंद करून बिस्किटांचे पुडे देऊ. माझ्यासोबत काम करणाऱ्या कांताची नात परी त्याच बालवाडीत. काडीसारखे हात, डोळे मात्र बशीएवढे. लाडू बंद झाले तर आमच्या बायकांचं काम जाणार होतं, आणि परीच्या पोटात मैदा-साखर जाणार होती. आम्हाला दोन्ही सलत होतं.

यातलं काहीच मी त्या दिवशी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "असा रंग कसा आणता?"

मी अभिमानाने सांगितलं, "दुधाची पावडर पिठातच घालायची, गूळ गरम कढईतच सोडायचा आणि बदामी होईपर्यंत परतायचं. हात सोडायचा नाही. चार घरं ओलांडून वास गेला पाहिजे."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, मग त्यातलं लायसीन गेलं ना!"

"कुठे गेलं?"

"कुठे नाही. तिथेच बसलंय, साखरेच्या गळ्यात गळा घालून. पोरांच्या उपयोगाचं तेवढं राहिलं नाही."

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काही आलं ते पुडीचा कागद वाचून आणि चार शहाण्यांना प्रश्न विचारून. त्यामुळे न कळल्याची मला लाज नाही. मी बाईंना स्टूल दिलं आणि म्हटलं, "बसा. आता हे लायसीन कोण ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

बाईंनी लायसीनच्या अभ्यासात आयुष्य घातलं; त्यावर त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात पुढेमागे जाणकार लिहितीलच, पण बाईंनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस तऱ्हांचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. काही मणी शरीर घरच्या घरी घडवतं, काही मात्र बाहेरून जेवणातूनच आणावे लागतात. लायसीन त्या बाहेरून आणायच्या मण्यांपैकी एक. पुढच्या खेपेला बाई खरोखरच मण्यांची माळ घेऊन आल्या. त्यातल्या एका मण्याला त्यांनी ब्लाउजचा हूक शिवला होता. "हे लायसीन," त्या म्हणाल्या. "याला लांब शेपूट असतं आणि शेपटाच्या टोकाला धन भार. मोकळं बसवतच नाही त्याला, कुणाला तरी धरायला बघतं."

या धरण्यात सगळी गंमत आहे. आपल्या पेशीत आनुवंशिकतेचा जो लांबलचक धागा असतो, त्यावर ऋण भार असतो. लायसीन भरपूर असलेली प्रथिनं रिळासारखी होतात आणि तो धागा स्वतःभोवती गुंडाळून घेतात. हाडं, कातडी, हिरड्या यांना घट्टपणा देणाऱ्या तंतूंत लायसीनच गाठी मारायला मदत करतं, आणि त्या कामी त्याला आवळा-लिंबातलं क जीवनसत्त्व लागतं. चरबी जाळून शक्ती करायची तर तिला पेशीतल्या भट्टीपर्यंत नेणारा हमाल शरीर लायसीनपासूनच घडवतं. वाढत्या अंगाला तर ते हवंच हवं. पण कढईत साखर आणि आच एकत्र भेटली, की हाच हूक साखरेत अडकतो. त्यातूनच तो बदामी रंग येतो, तो खमंग वास येतो. दुधाच्या पावडरीत लायसीन भरपूर आणि दुधाची साखरही भरपूर, म्हणून तिथे नुकसान जास्त. आम्ही ज्या वासावर मिरवत होतो, त्या वासात पोरांच्या वाट्याचं लायसीन जात होतं. भाजणीवाल्या बायकांशिवाय ही चूक दुसरं कोण करणार? आमच्याकडे कुणी कच्चं भाजलं तर तिला सासर-माहेर दोन्हींचा उद्धार ऐकावा लागतो!

तेव्हा कुठे मी बाईंना परीचं आणि दिवाळीचं सांगितलं. बाईंनी एक लाडू उचलून निरखला. मग म्हणाल्या, "एका लाडवाने मूल वाढत नाही आणि एका लाडवाने अडतही नाही, मालतीबाई. जंत असतात, ताप असतात, घरचं जेवण असतं. पण आपल्या हातात लाडू आहे. तो नीट करू."

विश्रांतवाडीच्या आपल्या घरून बिबवेवाडीला दोन बस बदलून त्या येऊ लागल्या. पहिला सुधारित लाडू त्यांच्या शब्दाबरहुकूम झाला. पिठं हलकी भाजलेली, पावडर कच्ची, गूळ गार पिठात. रंग पांढुरका. कांताने कोपरा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "ताई, ह्यो कच्चा हाय वाटतं." बालवाडीत परीने तो हातात घेतला, वास घेतला आणि परत ताटलीत ठेवला.

"का गं?" बाईंनी विचारलं.

"हा लाडू आजारी आहे," परी म्हणाली.

मला वाटलं, एवढ्या विदुषी, आता रागावणार. बाई खळखळून हसल्या. "माझं रसायन बरोबर आहे आणि लाडू चूक आहे. पोटात न गेलेलं लायसीन आणि कढईत वाया गेलेलं लायसीन, पोराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच." आयुष्यभर ज्या विषयावर काम केलं, त्यातला आपला अंदाज एका चिमुरडीने मोडीत काढला, तर तो असा हसत मोडू देणं सगळ्यांना जमत नाही. मला बाई खऱ्या कळल्या त्या तिथे.

दुसऱ्या दिवशी त्या कढईशेजारी पाट घेऊन बसल्या. मी कुरकुरले, "वासाशिवाय पोरं खाणार नाहीत. डाळीचा वास काढायचा नाही, दुधाचा काढायचा नाही, मग वास काय शेजारणीकडून उसना आणू?"

"आणा की!" बाई एकदम म्हणाल्या. "तिळाकडून आणा. तिळात लायसीन मुळातच कमी. त्याला हवा तेवढा भाजा, त्याचं फारसं काही जात नाही. वर तिळात मेथिओनीन नावाचा जो मणी असतो तो डाळीत कमी. हरभऱ्याला मात्र जपा, आपली लायसीनची तिजोरी तीच."

आणि मग लाडू जमला. तीळ तडतडून खमंग भाजायचे आणि जाडसर कुटायचे. डाळ मंद आचेवर, कच्चेपणा जाईल इतकीच. अगदी कच्चीही नको, कारण कच्च्या डाळीत पचनाला आडकाठी करणारी द्रव्यं असतात, ती थोड्या आचेने मोडतात. पीठ गार झालं की दुधाची पावडर, किसलेला गूळ, वेलदोडा, आणि वळायला तूप. वास चार घरं नाही, तीन घरं जातो. परीने दुसरा मागितला तेव्हा कांता पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाई, पोरगी पयल्यांदाच मागून खातीय." बाई म्हणाल्या, "रडू नका, तीळ करपतील."

दिवाळीला बिस्किटांचे पुडे आले नाहीत. परी अंगाने भरली, गाल वर आले. मी बाईंना पेढे द्यायला गेले तर म्हणाल्या, "श्रेय लाडवाला एकट्याला देऊ नका. मी बालवाडीच्या डॉक्टरांना जंताचं औषध द्यायला लावलं होतं, आणि कांताबाईंनी घरी रोज वरण सुरू केलंय." दुसऱ्याच्या वाट्याचं श्रेय पदरात न घेण्याची ही शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली आहे. त्या सांगतात, त्या लहान असताना घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि देव्हारा होता त्या कोनाड्यात वडिलांनी पुस्तकं लावली. "तेव्हापासून आमच्या घरी नवस नाही, पुरावा," असं त्या म्हणतात.

त्याचा अनुभव पावडरवाल्या एका गृहस्थांना आला. लायसीनच्या डब्यावर बाईंचा फोटो छापायचा म्हणून ते शाल घेऊन बाईंच्या घरी आले होते. मी तिथेच भाजणी द्यायला गेले होते. "मॅडम, मुलांची उंची वाढते एवढंच तुम्ही म्हणायचं." बाई म्हणाल्या, "उंची वाढेल यात शंका नाही. तुमच्या बंगल्याची. एक मजला." शाल आली तशी परत गेली. याच बाई कोंबड्यांच्या खाद्यात लायसीन किती घालावं हे विचारायला आलेल्या पोल्ट्रीवाल्यांना चहा पाजून तासभर समजावतात. मक्यावर वाढणाऱ्या कोंबडीला ते खरंच कमी पडतं, आणि खरी गरज असेल तिथे बाईंचा दरवाजा उघडा असतो.

माझा भाचा खराडीला कंपनीत आहे. तो एकदा त्यांना म्हणाला, "मॅडम, मी लायसीनच्या टॅबलेट्स चालू केल्यात. ओठावर फोड येतात ना, रील पाहिली होती."

"फरक पडला?"

"म्हणजे, तसा नक्की नाही सांगता येत."

"अभ्यासांनाही नक्की सांगता आलेलं नाही," बाई म्हणाल्या. "फोड वारंवार येत असतील तर डॉक्टरांना दाखव. आणि लायसीन हवं असेल तर मावशीकडे जेव. भाकरीत ते कमी, पिठल्यात जास्त. भातात कमी, वरणात जास्त. आपल्या आज्यांनी नाव न घेता जोड्या लावून ठेवल्यात." तेव्हापासून भाचा रविवारी न चुकता जेवायला येतो. हा बाईंचा सल्ला मला जरा महागात पडला, पण असो.

हूक शिवलेली ती माळ आता बालवाडीत आहे. परी मोठ्या शाळेत गेली, तरी सुट्टीत येऊन लहान मुलांना सांगते, "हा मणी घरी बनत नाही, बाहेरून आणावा लागतो." ते ऐकलं की मला दर वेळी बाई दिसतात. बिबवेवाडीच्या आमच्या गाळ्यात असं माणूस घडणं शक्य नव्हतं. ते विश्रांतवाडीहून, दोन बस बदलून यावं लागलं, आणि आल्यावर त्यांनी आम्हाला धरून ठेवलं.

बाई, पंच्याहत्तरीला मी आपल्याला काय द्यावं? आपण शाल परत करता, पेढ्यातलं श्रेय वाटून टाकता. म्हणून लाडूच आणणार आहे, परीने वळलेले. आपली प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे बसच्या पायऱ्यांना न घाबरोत, जीभ आहे तितकीच तिखट राहो. स्वतःला फार भाजून घेऊ नका; मंद आचेचा धडा आपणच आम्हाला दिलात. आणि शंभरीच्या दिवशी आमच्या गाळ्यावर थांबा, बरणीचं झाकण उघडा, दीर्घ श्वास घ्या आणि खुशाल नावं ठेवा. स्टूल तिथेच असेल.