तात्यांच्या वंशावळीतली गावं

जन्मगावावरून तात्यांइतकं भांडलेला माणूस जगात दुसरा नसावा, असं मला अजूनही वाटतं. तात्या म्हणजे इंदापूरच्या माझ्या वर्गमित्राचे वडील, एसटीचे निवृत्त कंडक्टर. मी तेव्हा बारामतीत कॉलेज करता करता कॉम्प्युटर शिकत होतो. क्लासमध्ये वंशावळीचं एक सॉफ्टवेअर आलं आणि तात्या दर रविवारी घराण्यातली माणसं त्यात भरायला माझ्या शेजारी येऊन बसू लागले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. मोठ्यांपुढं बोलायची हिंमत नव्हती. तात्यांना ती भरपूर होती. त्यांच्या भावाचं जन्मस्थळ मी बारामती एमआयडीसी टाकलं, तर म्हणाले, "तवा तितं नुसता माळ हुता. भोंगा ऐकत जन्मला व्हय रं त्यो?" पणजोबांपुढं आपोआप 'भारत' उमटलं, तेही खपेना. "म्हाताऱ्यानं इंग्रज जाताना बघितला न्हाय. त्याला कशाला नव्या राज्यात बसवतूस?" माणूस जिथं गाडीत चढला तिथलंच तिकीट फाडायचं, हा त्यांचा जुना नियम.

अडलं ते त्यांच्या आईपाशी. घराणं मेंढरांमागं फिरणारं. ती वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर जन्मलेली. मी भीतभीत विचारलं, "रकाना रिकामा ठेवू का?"

तात्या म्हणाले, "माझ्या आईला गाव न्हाय म्हणतूस?"

पुढच्याच रविवारी ते मला घेऊन निमगाव केतकीला आपल्या मावशीकडं गेले. त्या पिढीतली तेवढीच उरली होती. मावशीनं भीमाकाठच्या एका गावाचं नाव घेतलं. "तितं नदीला, बाभळीखाली झाली. सकाळी वाडा हलला, तुझी आय पाटीत." ते गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं, त्याच नावाचं नवं गाव वर माळावर वसलेलं. परत येऊन मी ते नाव टाईप करू लागलो, तर तात्यांनी माझा हात धरला. "माळावर आय कधी आलीच न्हाय." शेवटी लिहिलं : मेंढरांचा वाडा, भीमाकाठ, जुनं गावठाण, आता पाण्याखाली. छापलेल्या कागदावरच्या त्या ओळीवरून ते कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

पुढं एका उन्हाळ्यात तात्यांना जीपमधून इंदापूरहून बारामतीच्या दवाखान्यात नेत होते. ते वाटेतच गेले. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र बारामती लागलं. काही दिवसांनी मित्र तो दाखला घेऊन क्लासवर आला. "तात्यांचं तेवढं भर," म्हणाला. मी बारामती टाईप केलं, थांबलो, आणि पुसलं.

"जीप कुठं होती रे तेव्हा?"

"निमगावच्या पुढं. मेंढरं आडवी आली हुती. ड्रायव्हर हॉर्न वाजवाय लागला, तर तात्या म्हणलं, जाऊ दे त्यास्नी आधी."

मी तेवढंच लिहिलं : निमगाव केतकीच्या पुढं, रस्त्यावर, मेंढरं जात असताना.