आईने मागितलेले स्तोत्र

मी मराठी तिसरीत होते. रविवारी संध्याकाळी आमच्या सोलापूरच्या चर्चमध्ये पाळकसाहेब विचारत, "कुणाला कुठलं स्तोत्र हवं?" ज्याला हवे तो उठून आकडा सांगे आणि सगळे मिळून ते स्तोत्र म्हणत. माझ्या आईची पाळी कधी आलीच नाही. ती जन्मापासून बहिरी. बोलता येत नव्हते, वाचताही. "तिला काय कळतंय? पोरं सांभाळू दे की," असे म्हणत बायका आपली शेंबडी पोरे खुशाल तिच्या मांडीवर सोडत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. आईला एकदा तरी पाळी मिळावी, एवढेच मला हवे होते.

शाळेतल्या मडमबाईंकडे एक जाडजूड पुस्तक होते. शेकडो वर्षांपूर्वी विलायतेतल्या मठांत स्तोत्रांच्या पोथ्या हाताने लिहीत, त्यांतली चित्रे त्यात छापली होती. त्या चित्रकारांनी शब्द अगदी शब्दशः धरलेले. पाणी गळ्याशी आले म्हटले की राजा खरोखरच गळाभर पाण्यात, मुकुट सांभाळत! आम्ही पोरांनी बघून बघून ती पाने स्तोत्रांच्या आकड्यांसकट पाठ केली होती. एकदा बाईंना गळ घालून मी पुस्तक घरी आणले.

आई चूल विसरली. भाकरी करपली तरी आमचे हसू थांबेना. एका चित्रात देव चक्क पलंगावर झोपलेला, अंगावर आमच्या पेठेत विणतात तशी चादर, आणि माणसे त्याला उठवताहेत. "देव झोपतो व्हय?" वडील म्हणाले. आईने त्यांच्याकडेच बोट दाखवले. मिलमधून आले की त्यांनाही असेच गदागदा हलवून जेवायला उठवावे लागे.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारले, आणि आई उठली. एकेकाला असे उठताना ती वर्षानुवर्षे बघत आली होती. तिने गालाखाली हात घेऊन डोळे मिटले, मग समोर कुणी नसताना खांदे धरून हलवल्यासारखे केले. पाळकसाहेब गोंधळले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी सांगायला उठणार, तेवढ्यात शाळेतली सगळी पोरे एका दमात ओरडली, "चव्वेचाळीस!"

सगळे चर्च उभे राहून देवाला उठवू लागले. आई एकेकाचे ओठ बघत होती. तिचा चेहरा असा फुलला होता, की आनंदाने मला रडूच फुटले.

त्यानंतर दर रविवारी सर्वांच्या आधी तीच उभी. शेवटी पाळकसाहेब हात जोडून म्हणाले, "बाई, दुसऱ्यांनाही मागू द्या की." मी ते तिला खुणांनी सांगितले. आईने मान डोलावली, पण ती खाली बसली नाही.