दहा मिनिटं जनरेटर बंद

सीमेवरच्या त्या पोस्टवर आम्ही मराठवाड्याचे तिघं होतो. मी मुखेडचा, हवालदार. नाईक बापूराव उमरीचा. लान्स नाईक मिलिंद लोह्याकडचा, टेलिफोनची लाइन सांभाळायचा. मिलिंद कविता लिहायचा.

पोस्टवर शांतता नसते. वायरलेस खरखरतो, जनरेटर ढणढणतो, वरून गोळे येतात. सूर्य बुडताना स्टँड-टू, म्हणजे सगळेजण हत्यार घेऊन मोर्चात, खंदकात. मग स्टँड-डाउन, आणि लगेच जनरेटर. आमच्या सुभेदार साहेबांनी जनरेटर दहा मिनिटं उशिरा लावायची मुभा दिली होती. तेवढ्यात मिलिंद वहीतली एक कविता वाचायचा. हळू आवाजात. गोळाबारीनंतर बापूरावचे हात थरथरायचे, ते कविता ऐकता ऐकता थांबायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच राग लई आहे.

एक कविता बापूराव पुन्हा पुन्हा मागायचा:

आवाज सगळे बाहेर ठेव
बुटांसारखे, दाराशी.
हळू ये.
आईचा आत्ताच डोळा लागलाय.

त्या दिवशी सव्वासहाला गोळाबारी सुरू झाली. पुढच्या पोस्टची लाइन तुटली. बाहेर बर्फ पडत होता. मिलिंदनं वही माझ्याकडं दिली.

"धरा हवालदार साहेब, भिजंल."

सहा चाळीसला सेटवर त्याचा आवाज आला. "लाइन जोडली. परत येतोय. ओव्हर." मी रॉजर म्हणालो. तो आला नाही. सकाळी आम्ही त्याला उचलून आणला.

वही मी त्याच्या आईला नेऊन दिली. मी रिटायर झालो तेव्हा तिनं ती परत माझ्या हातात ठेवली. त्याच्या नावानं छापून आण म्हणाली. मी ती बापूरावकडं दिली. तो नांदेडात कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करून राहिला होता, छापखानेवाले त्याच्या ओळखीचे. फौजेत बादलीसुद्धा सहीशिवाय हलत नाही. पण एका मोर्चातला माणूस, त्याची कसली सही घ्यायची? घेतली नाही.

वर्षभर तो काम चालू आहे म्हणत राहिला. मग नांदेडला त्याच्या एका कार्यक्रमाला गेलो. बॅनरवर 'सैनिक कवी बापूराव'. दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. आणि हा माइकवर ओरडतोय, 'हळू ये'! मिलिंदचं नाव एकदाही घेतलं नाही.

स्टेजमागं गाठून वही मागितली. हरवली म्हणाला. वर म्हणतो, "मिलिंद तर गेला. कवितेला कुणाचं तरी तोंड लागतंच की."

त्याचे हात थरथरत नव्हते. केसानं गळा कापला माणसानं. मी मारलं नाही. मारायला पाहिजे होतं, असं अजून वाटतं.

घरी येऊन आठवतील तेवढ्या कविता लिहून काढल्या. वहीत एकेचाळीस होत्या, एकोणीस आठवल्या. शेवटी लिहिलं: कवी, लान्स नाईक मिलिंद. ऐकणारा, मी. खाली सही केली. बाकीच्या बावीस बापूराव आपल्या म्हणून वाचत फिरतोय.

ते कागद घेऊन लोह्याकडं गेलो. मिलिंदच्या आईनं टीव्ही बंद केला. मी सगळं सांगितलं, वही गेली तेही. तिनं कागदांकडं बोट दाखवलं. वाच म्हणाली. मी तीच कविता वाचली, मिलिंद वाचायचा तशी, हळू. शेवटच्या ओळीला तिनं नाही म्हणून मान हलवली.

"निजत कुठं व्हते बाबा मी. उगं डोळे मिटून पडायची, त्यो येईस्तोवर."