दादाला समुद्रात पोहायचं होतं

सहलीला वेळेवर निघालेलं कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही. आमच्या घरच्या उशिराला निदान कारण तरी असतं. मागच्या मे महिन्यात आम्ही मालवणला निघालो, नेमकं त्याच सकाळी नळाला पाणी आलं. आमच्या सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या बाईला दुसरं काही दिसत नाही. गाडी दारात उभी, दादा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेला, आणि बायको पिंप, बादल्या, कळश्या आणि शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवत होती. "अगं, आपण घरी नाही. हे पाणी पिणार कोण?" मी विचारलं. "परत आल्यावर आंघोळीला पाणी कुठंय म्हणून तुम्हीच ओरडाल," ती म्हणाली. यावर मी हॉर्न वाजवला.

माझी घाई माझ्यासाठी नव्हती, दादासाठी होती. दादा माझा थोरला भाऊ. बार्शीजवळच्या आमच्या गावात त्यानं सगळा जन्म शेतीत घालवला. मी शिकून सोलापुरात नोकरीला लागलो. पण गावात दादाची खरी ओळख पोहणारा म्हणून. विहिरीत घागर पडली, कुणाचं रेडकू पडलं, तरी हाक त्यालाच. काठावरून त्यानं सूर मारला की पाणी उडायचंसुद्धा नाही. निम्म्या गावाला पोहायला त्यानंच शिकवलं, मलाही. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं, ही त्याची पद्धत. मागोमाग तो स्वतः उडी घ्यायचा, म्हणून आम्ही जिवंत राहिलो. पाठीवरचा डबा सुटला की पोरगा पोहायला शिकला असं गाव धरायचं.

ती विहीर अजून आहे, पण चहूबाजूंनी बोअर झाल्यापासून तिच्यात पोहण्याइतकं पाणी साठत नाही. त्यात दादाचे गुडघे गेले. दोन्ही बदलावे लागतील, दिवाळीनंतर करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनचं ऐकून माणसं शंभर प्रश्न विचारतात. दादानं एकच विचारला, "मग म्होरं पवता येतंय का?" डॉक्टर म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. बाहेर पडल्यावर दादा पायऱ्यांवरच थांबला आणि मला म्हणाला, "त्याच्या आदी येकदा पोटभर पवायचंय मला."

आयुष्यात त्यानं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितलं तेही पाणी, आणि तेही सोलापूर जिल्ह्यात. मी त्याला शहरातल्या पोहण्याच्या तलावावर घेऊन गेलो. तिथल्या माणसानं दादाची पट्ट्यापट्ट्यांची सुती चड्डी बघितली आणि नियम सांगितला. अंगाला चिकटणारी नायलॉनची हवी, डोक्याला टोपी हवी. मी वाद घातला, आवाज चढवला, तक्रार करीन म्हणालो. दादा मात्र टॉवेल काखेत घेऊन कधीच बाहेर गेला होता. "लई निळं हुतं पानी," घरी येताना तो म्हणाला, "वास बी मारत हुतं." मला बरं वाटावं म्हणून तो तसं म्हणाला हे मला कळत होतं, आणि त्यामुळं मी आणखीच चिडलो.

मग माझ्या मुलीनं समुद्र काढला. ती कॉलेजात आहे, तिला मोबाईलवर सगळं सापडतं. स्नॉर्केलिंग म्हणून असतं, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून पाण्याखालचे मासे बघायचे, आणि येताना स्पीडबोटीची फेरी. दादानं समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याला माशांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यानं मुलीला एवढंच विचारलं, "तितं चड्डी तपासत न्हाईत ना?"

तर असे आम्ही निघालो, उशिरा. पिंपाच्या नादात गेलेली सकाळ काही भरून निघाली नाही. सांगोल्याच्या पुढं रस्त्याचं काम, मग फोंडा घाटात पुढं ट्रक. वाटेत गाडी थांबवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची हाही आमच्या घरचा नियमच. हॉटेलवाल्याच्या घशात एक रुपया जाऊ द्यायचा नाही. मी म्हणालो, चालत्या गाडीत खाऊ. बायको म्हणाली, दादांच्या अंगावर तेल सांडेल. पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता.

दादा गाडीतून उतरला तो सरळ वाळूत. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पाऊल टाकत पाण्यापर्यंत गेला आणि उभा राहिला. किती वेळ उभा होता कोण जाणे. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "ह्याला काठच न्हाय की रं." आणि सदरा काढायला लागला. तेवढ्यात शिट्टी वाजली. किनाऱ्यावरचा रखवालदार धावत आला. अंधार पडतोय, लाटा मोठ्या आहेत, गुडघ्याच्या वर पाण्यात जायला बंदी. मी त्याला सांगायला लागलो की हा माणूस कोण आहे, किती पोहतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असे पोहणारेच आम्हाला बाहेर काढावे लागतात. खरं असेलही. पण त्या वेळी मला त्याची शिट्टी हिसकावून पाण्यात फेकावीशी वाटत होती. दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होता. "गुडघंच तर दुखत्यात," तो म्हणाला, "आन तेवढंच भिजवा म्हणत्यात."

आता राहिलं होतं फक्त दुसऱ्या दिवशीचं स्नॉर्केलिंग. सकाळी लवकर या, पाणी स्वच्छ असतं, असं मुलीच्या मोबाईलवर आलं होतं. आम्ही लवकर गेलो. बोटवाला लवकर आला नाही. मग आला, तर म्हणाला माणसं भरल्याशिवाय बोट सुटत नाही. माणसं भरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. सोलापूरच्या माणसानं उन्हाची तक्रार करू नये, पण ते ऊन निदान कोरडं असतं. इथं नुसतं उभं राहिलं तरी अंगावर कुणी ओलं पोतं टाकल्यासारखं वाटत होतं. बायकोनं पिशवीतून पुन्हा भाकरी काढली तेव्हा मी तिच्याकडं बघितलंच नाही.

बोटीवरच्या गाईडनं सगळ्यांना वय विचारलं. दादानं खरं सांगितलं. मुलीनं त्याला कोपरानं ढोसलं, पण उपयोग काय. गाईड दादाच्या पांढऱ्या मिशांकडं बघत राहिला. "काका, पोहता येतं काय थोडंफार?" त्यानं विचारलं. थोडंफार. दादा शांतपणे म्हणाला, "येतंय की." मग गाईडनं एक भलंमोठं नारिंगी जॅकेट आणलं आणि दादाच्या अंगात घालून पुढून, खालून पट्टे आवळले. दादानं पट्ट्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मला डबा बांधतुय व्हय ह्यो?"

"नियम आहे, दादा. जॅकेटशिवाय कुणालाच सोडत नाहीत."

"पर डबा बांदून पवायचं म्हंजे," तो म्हणाला आणि पट्टा ओढून बघायला लागला. ज्यानं आख्ख्या गावाच्या पाठीवरचे डबे सोडले त्याच्या पाठीवर साठी उलटल्यावर डबा चढला होता, आणि मी समोर बसून बघत होतो. मी गाईडशी भांडलो. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे ना." बोटीतली बाकीची माणसं दुसरीकडं बघायला लागली. गाईडनं एवढंच सांगितलं की जॅकेट नको असेल तर काकांनी बोटीतच बसावं. दादानं मला हातानंच थांबवलं आणि शिडीकडं गेला.

शिडीवरून उतरताना त्याचे गुडघे कुरकुरले, तोंड वाकडं झालं. पण शेवटच्या पायरीवरून तो पाण्यात सुटला आणि त्याचा चेहराच बदलला. "दुखत न्हाईत की रं," तो मला म्हणाला. "हितं दुखतच न्हाईत." त्यानं पाय मारून बघितले. जॅकेट त्याला पालथं होऊ देत नव्हतं, हात मारला की हनुवटीवर चढत होतं, तरी तो हसत होता. सकाळपासून पहिल्यांदा मला वाटलं की चला, जमलं. गाईडनं एक रबरी कडं पुढं ढकललं, ते धरून तोंड पाण्यात घाला म्हणाला. दादानं काच डोळ्यांवर ओढली, नळी तोंडात धरली आणि मान खाली घातली. शेजारी मीही घातली.

खाली काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. खडक होते, त्यांवर झाडांसारखं काहीतरी डुलत होतं, पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी बोटांजवळून जात होते. तळाची वाळू, वाळूवरच्या उन्हाच्या रेघा, सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की हात लांबवला तर मूठभर उचलता येईल. मी राग विसरलो. तेवढ्यात माझ्या दंडावर थापा पडल्या. दादा डोकं वर काढून, काच कपाळावर सारून माझ्याकडं बघत होता.

"तळ दिसतुय."

"दिसणारच की. तेच तर बघायला आलोय."

"न्हाय. मला वर घ्या."

मला वाटलं दम लागला. गाईडलाही तसंच वाटलं. आम्ही त्याला शिडीपर्यंत नेलं, बोटीत चढवलं, बायकोनं पाणी दिलं, छातीत दुखतंय का विचारलं. कशातच काही नव्हतं. मग मात्र माझा तोल सुटला. इतक्या लांब आलो, दोन दिवस सगळ्यांशी भांडतोय, ते काय पाच मिनिटं पाण्यात राहून वर यायला? सगळ्या बोटीसमोर मी हे बोललो.

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तळ दिसाया लागला की मी उतरत न्हाय पाण्यात. ठाव हाय की तुला."

मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की गावात पोहणं बंद व्हायचं. उरलेलं पाणी माणसांचं आणि गुरांचं. कुणी उडी मारली तर गाळ वर येतो आणि दोन दिवस कुणाला प्यायला मिळत नाही. तेव्हा काठावर राखणीला बसायचा तो दादाच. सगळ्यांत चांगलं पोहणारा भर उन्हात काठावर बसून पोरांना हाकलायचा आणि स्वतः पायसुद्धा बुडवायचा नाही. त्याच्या हिशोबी तळ दिसणारं पाणी म्हणजे संपत आलेलं पाणी.

"अरे पण हा समुद्र आहे, दादा. खारं पाणी. कोण पितंय हे?"

"मला काय कळत न्हाय का त्ये? पर अंगच मागं सरतंय. मी काय करू?"

यावर कुणाशी भांडणार? शिट्टीवाल्याशी भांडता आलं, जॅकेटवाल्याशी भांडता आलं. मी गाईडला विचारलं, तळ दिसणार नाही अशा ठिकाणी नेता येईल का. त्यानं घड्याळ बघितलं. आमची वेळ संपली होती, आणि तशीही त्याची जागा हीच होती.

परतीला स्पीडबोट आली. मुलगी खूश झाली, बायको डोळे मिटून बसली. बोट वळली आणि किनाऱ्यापासून लांब, मोकळ्या समुद्रात शिरली. तिथं पाणी काळंनिळं होतं. दादा माझ्या शेजारी काठाला बसला होता. तो एकदम वाकून खाली बघायला लागला आणि त्यानं माझं मनगट पकडलं. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हितं. असं पानी पायजे."

मी चालकाला ओरडून सांगितलं, थांबवा. त्यानं वेग कमी केला, काय झालं विचारलं. मी म्हणालो, फक्त दोन मिनिटं, याला पाण्यात उतरू द्या, जॅकेट घालून उतरू द्या, दोरी बांधून उतरू द्या. भांडलो नाही. हात जोडले. चालक माझ्याच वयाचा होता. तो म्हणाला, "साहेब, इथं ओढ आहे पाण्याला. मी उतरवलं आणि काही झालं तर माझं काय?" मी दुसरं काही शोधायला लागलो तर दादाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. त्येचं बराबर हाय."

बोट पुन्हा निघाली. जरा वेळानं दादानं हात काठाबाहेर सोडला. पाणी त्याच्या तळव्यावर आपटत होतं आणि तो बोटं फाकवून, मिटून, पोहताना मारतात तसा पंजा करून ते मागं सारत होता. मी दुसरीकडं बघितलं. मला बघवेना.

"काका, हात आत घ्या," चालक म्हणाला.

दादानं हात आत घेतला. बायकोनं पिशवीतून पंचा काढून पुढं केला.

"असू द्या," तो म्हणाला. "वाळंल आपसूक."

किनारा येईपर्यंत वाळलाही.