भागाबाईची मांडी आणि केळीचा घड

चोपड्याकडच्या त्या गावात कुणाची गाडी लेकरू घेऊन निघाली, की भागाबाईला बोलावणं यायचं. बैलगाडीपासून काळीपिवळी जीपपर्यंत निम्म्या गल्लीची पोरं तिच्या मांडीवर बसून आजोळं आणि दवाखाने बघून आलेली. बाई ऐसपैस, पकड चिमट्याची. गाडीत कुणाला जागा नसली तरी भागाबाईला असायची.

म्हणून तिच्या लेकाने, नवलने, नव्या गाडीच्या मागच्या सीटवर दीड वर्षाच्या नातीसाठी, दुर्वीसाठी, पट्ट्यांची खुर्ची आवळली, तेव्हा तिचं टाळकंच फिरलं. परवा धुळ्याला लग्न. नवल, सून पुनम, नवरा अभिमनआबा, नणंद धुरपदाबाई आणि ती, अशी पाच माणसं. खुर्चीने एक जागा खाल्ली, म्हणजे एकाला एसटी. मांडीचं कामच संपलं, तर एसटी कुणाला हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"माय, आते कायदा बदली गया," नवल म्हणाला. "चौदा वरीसना आतला पोरेसले पट्टा, नही ते अशी खुर्ची."

"तुले कोठे पट्टा व्हता रे? मनी मांडीवरथून सांडना का कधी?"

"तवय जीप बैलना मांगे मांगे चाले, माय," पुनम हळूच म्हणाली. "आते गाडी ऐंशीवर पळस."

नवल वाद घालत बसला नाही. दुर्वीच्या वजनाचा केळीचा घड त्याने आणला. मायला पुढे बसवलं, पट्टा लावला, घड मांडीवर दिला. शेताच्या रिकाम्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चालीने गाडी नेली.

"धर घट!" म्हणाला, आणि ब्रेक दाबला.

घड सुटला तो थेट समोर आपटला. दोन फण्या तुटल्या. भागाबाईचे हात नुसतेच आवळलेले.

तिने तुटलेली फणी उचलून बघितली. केळी भरताना ट्रकमध्ये फोम घातला नाही, तर मजुरांच्या सात पिढ्या उद्धरणारी बाई ती.

"केळीले गादी देतस आपन," ती म्हणाली, "अन पोरले मनी हाडं! ऱ्हाऊ दे ती खुर्ची."

घरी आबांनी मिशीत हसून विचारलं, "मंग, नवलनी माय, तू एसटीनं येशी ना?"

"मी? अन पोर किरकिरनी ते गानं कोन म्हनी? तुम्हीच जा. पासष्टी व्हयनी, अर्धं तिकीट शे."

"बायासले बी अर्धंच शे!"

"शे ना. पन तुम्हले गानं येस का?"

आबांनी खुंटीवरची प्रवासाची पिशवी काढली.

लग्नाच्या दिवशी धुरपदाबाई पुढे बसली, भागाबाई खुर्चीला खेटून. अमळनेरच्या पुढे लाल एसटी मागे पडली. खिडकीशी आबा होते. भागाबाईने दुर्वीचा हात धरून त्यांना जोरजोरात टाटा करवला.