सुपरस्टार आणि बुधवार

'सुपरस्टार' हा शब्द मी एका दुपारी तीनदा तपासला. त्याचा राग अजून जात नाही.

नव्वदच्या आसपास पनवेलमधल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. पगार नव्हता, बदल्यात आमच्या संघटनेची पत्रकं फुकट छापून मिळत. त्या दिवशी सुकापूरच्या एका बिल्डरचं पोस्टर आलं होतं. त्याच्या इमारतींच्या उद्घाटनाला सिनेमातला नट येणार होता. बिल्डरचा माणूस अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरच उभा. "प्रसिद्ध नट काय लिहिता? सुपरस्टार घाला!"

"हे सुपर आलं कुठून?" मी मुद्दाम विचारलं.

म्हातारा मान वर न करता म्हणाला, "आधी नुसते स्टार होते. मग पोस्टरवाल्यांनी ज्याला त्याला स्टार केलं. खरा वेगळा कसा काढणार? लावलं सुपर. उद्या तेही स्वस्त झालं की महा लावतील. मला काय, खिळे तेवढे वाढतात."

वाचनालयातल्या कोशात मी नंतर पाहिलं. सुपर म्हणजे लॅटिनमध्ये 'वर'. कुणाच्या वर, ते कोशात नव्हतं. त्या इमारतींमागच्या टेकडीवर आदिवासी वाडी होती आणि बिल्डरला ती जागाही हवी होती. मंगळवारी तलाठी पंचनाम्याला येणार होता. झोपडीत माणूस दिसला तरच ती राहती म्हणून नोंदली जाणार. वाडी पहाटेच वीटभट्टीवर जायची. त्या दिवशी घरी थांबा, एवढंच सांगणारं आमचं पत्रक होतं. तोंडी निरोप का दिला नाही? आम्ही पत्रकांवर वाढलेले. छापलं म्हणजे पोचलं, असं मानणारे.

म्हाताऱ्याने मागच्या सभेच्या पत्रकाचा, खिळे जुळवून सुतळीने बांधून ठेवलेला मजकूर काढला आणि चार ओळी बदलल्या. तसंच करायची पद्धत होती, नव्याने जुळवायचा वेळ वाचे. वार मात्र जुनाच राहिला, बुधवार. मी पोस्टरातला सुपरस्टार काना-मात्रेसकट तीनदा पाहिला. आमच्या पत्रकावरून नुसती नजर फिरवली.

मंगळवारी तलाठी आला. वाडी भट्टीवर. त्याने 'वस्ती आढळली नाही' असं लिहिलं आणि गेला. खाली नट हात हलवत होता, लोक झाडांवर चढले होते.

बुधवारी मी गेलो तर सगळे दारात बसलेले, धुतलेले कपडे घालून. एका बाईने छपरात खोचलेलं पत्रक काढलं.

"दादा, कागुद तुमचाच ना? बुधवार हाय यावर. दोनदा वाचून घेतला आमी."

"माझाच. चूक माझी."

"बिल्डरचा पन असाच चुकला व्हता का?"

मी पिशवीतून कोरा कागद काढला. अर्ज तिथेच तिच्या दारात बसून हाताने लिहिला. पंचनामा पुन्हा करा, आम्ही इथेच राहतो. खाली वार घालायच्या आधी थांबलो.

"मावशी, आज काय?"

"बुधवार," ती म्हणाली. "आता तरी नीट लिव."