पाठीमागचं ‘खट’

रेवा, चिन्मय — तुमच्या आजीने आयुष्यभर अमावास्येला नखं कापली आहेत, तिन्हीसांजेला केर काढला आहे आणि मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ दिलं आहे. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मुलांच्या निबंधातली भुतं मी लाल पेनने खोडत आले. म्हणून पुढचं वाचून ‘आजी म्हातारी झाली’ म्हणू नका. म्हातारी झालेच आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. रेवा फोनवर म्हणाली, लिहून पाठव, म्हणून लिहिते. एरवी लिहिलं नसतं; या गोष्टीचा विचार करूनच मी थकले आहे.

जागा आधी नीट सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. जळगाव जामोदच्या आपल्या घराचं स्वयंपाकघर तुम्ही पाहिलं आहे. उजव्या भिंतीला इलेक्ट्रिक रेंज — वर चार हॉटप्लेट, खाली ओव्हन. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीला मागचं दार, आणि दाराला लागून रेंजचा पंधरा अँपिअरचा जुना काळा स्विच. स्विचखाली लाकडी स्टूल. रेंजपासून स्विच चार पावलांवर. ओव्हनकडे तोंड करून उभं राहिलं की स्विच पाठीमागे येतो.

ती रेंज अकोल्याच्या एक परदेशी डॉक्टरीणबाई मायदेशी जाताना देऊन गेल्या. अर्धा दिवस लाईट नसणाऱ्या गावात लाईटीची चूल! गल्लीत बरेच दिवस हसणं चाललं होतं. पण मी ओव्हनमध्ये पाव, केक, नानकटाई करायला शिकले आणि सवयीप्रमाणे एक वही ठेवली. किती वाजता चालू केला, लाल दिवा किती मिनिटांनी विझला, सगळं. ओव्हन हवा तेवढा तापला की ‘खट’ आवाज व्हायचा आणि दिवा विझायचा.

तुमचे आबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. मुठीत कापूस दाबून त्यातली ओल सांगायचे. मी ओव्हन लावला की ते वर्तमानपत्र घेऊन त्या स्टुलावर येऊन बसायचे. मी म्हणायचे, “ओसरीवर बसा ना, हवा तरी लागेल.” ते म्हणायचे, “इथे वास चांगला येतो.” मध्येच उठून ओव्हनच्या दारावर तळहात ठेवायचे आणि परत जाऊन बसायचे. पायात पायात येतात म्हणून मी किती वेळा चिडले, त्याची मात्र वही ठेवली नाही.

आबा गेले. ओव्हन चालूच राहिला. तीन वर्षं तसाच — ‘खट’, दिवा बंद, वहीत नोंद. काम संपल्यावर भिंतीवरचा स्विच बंद दिसायचा. मला वाटायचं, मीच केला असणार. मी नीटनेटकी बाई आहे ना!

मग कपाशीवरच्या लाल्या रोगाचं ते वर्ष आलं. बीटी कपाशी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता बोंडअळीची काळजी मिटली. त्या वर्षी पानं लाल पडली आणि झाडं जागेवर वाळली. आपल्या शेजारची वंदना दरवर्षी वेचणीला जायची. त्या वर्षी ती कमरेवर हात ठेवून माझ्या दारात उभी राहिली.

“बाई, वेचाले काईच नाही राह्यलं. पऱ्हाटी नुसती उभी हाय, बोंड नाही. तुमच्या त्या चुलीवर आमाले नानकटाई करू द्या. दिवाईच्या बाजारात इकू.”

वंदना आणि तिच्यासोबतच्या चौघी. मैदा, साखर, डालडा त्यांनी आपापसात जमवून आणला. कुणाचा डबा कुठला, त्यावर मी नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. लोकांनी ऑर्डरी दिल्या. त्या पाच घरांची दिवाळी त्या ओव्हनमधून निघणार होती — दुसरीकडून निघण्यासारखी नव्हतीच.

आणि दिवाळीला चार दिवस असताना ओव्हनची खालची कॉइल तुटली.

सलीम मिस्त्रीला बोलावलं. तो शेतातल्या जळलेल्या मोटारी वाइंडिंग करून देतो. दहावीला माझ्याच वर्गात होता. त्याने रेंज भिंतीपासून ओढली, मागचा पत्रा काढला आणि आत डोकं घालून हसायला लागला.

“बाई, इंग्रजीत तुमी मले तेवीस मार्क देल्ले होते. तुमच्या मशीनले मी किती देऊ? शून्य! कॉइल मी बनवून देतो, ते काई मोठी गोष्ट नाही. पन तुमचा थर्मोस्टॅट तं कवाचा मेला. वायर डायरेक्ट जोडेल हाय.”

“शक्य नाही. दिवा आपोआप विझतो.”

“आपोआप? बाई, हे बंद होऊच शकत नाही. चालू केलं का चालूच राहीन, पार घर पेटेलोक. हे पाहा, आत चिठ्ठी हाय.”

कापसाच्या नमुन्याच्या पुड्यांना बांधायचे तसली पुठ्ठ्याची चिठ्ठी, दोऱ्याने बांधलेली. अक्षर आबांचं. त्यांच्या ऑफिसच्या भाषेत लिहिलं होतं — ‘थर्मोस्टॅट निकामी. वायर डायरेक्ट केली. तापल्यावर स्विच हाताने बंद करणे. पार्ट मिळेपर्यंत सौ.स कळवू नये, बेकिंग बंद करेल.’

मी खुर्चीवर बसले. वर्तमानपत्र, स्टूल, दारावरचा तळहात... पाठीमागचं ‘खट’. इतकी वर्षं हा माणूस माझा थर्मोस्टॅट होऊन बसला होता आणि मी त्याला ओसरीवर हाकलत होते.

पाणी पिऊन झाल्यावर मग दुसरा हिशेब सुचला. आबा जाऊन तीन वर्षं झाली होती.

सलीमला मी ते बोलले नाही. त्याने पार्टसाठी खामगाव, अकोला, नागपूर असे फोन केले. एका दुकानदाराने विचारलं, गिझरचा चालतो का. “पानी नाही तापवाचं भाऊ, नानकटाई भाजाची हाय!” सलीम ओरडला. शेवटी नागपूरच्या एका बेकरीच्या ओव्हनचा थर्मोस्टॅट मिळाला, पण तो दिवाळीनंतर येणार होता. कॉइल त्याने दुसऱ्या दिवशी बसवली आणि म्हणाला, “आज मी स्वतः स्विचपाशी बसतो. तुमी फक्त सांगा, बाई.”

लाईट बारा ते चार एवढीच असायची. पाचही जणी ओसरीवर पीठ मळत होत्या. मागच्या दाराला कडी घातलेली, कारण वंदनाची शेळी आत शिरते. पहिला ट्रे आत जाण्याआधीच सलीमचा फोन वाजला. कुणाची तरी मोटार जळली होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं अडलं होतं. “वीस मिनिटात येतो, बाई,” म्हणून तो गेला तो संध्याकाळी आला.

मी पहिल्यांदा ओव्हन तापवला, वहीत पाहून अकरा मिनिटांनी स्विच बंद केला. ट्रे आत ठेवला. पुन्हा चालू केला आणि टेबलाजवळच्या खुर्चीवर घड्याळ समोर ठेवून बसले. सहा मिनिटांनी बंद करायचा होता. दोन रात्री नीट झोप नव्हती. गुडघे ठणकत होते. मला फक्त सहा मिनिटं जागं राहायचं होतं, आणि मला ती जमली नाहीत.

‘खट’ने मी जागी झाले.

घड्याळात सात मिनिटं झाली होती. लाल दिवा विझलेला. स्विच वर — बंद. मागच्या दाराची कडी लागलेली. स्टुलावर सलीमची पक्कड होती तशीच. ओव्हन उघडला तर नानकटाई कडेने नुकती गुलाबी झाली होती. आणखी दोन मिनिटं गेली असती तर ट्रे टाकावा लागला असता.

ओसरीवरून वंदना म्हणाली, “बाई, बंद केला ना? आवाज आला मले.”

मी म्हटलं, “हो.”

त्यानंतर सगळे ट्रे मी ओव्हनकडे तोंड करून भाजले, पूर्वीसारखेच. दर वेळी पाठीमागे ‘खट’ झालं. मी वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते विचारू नका. मला वाटलं, पाहिलं तर थांबेल, आणि पाच घरांचा मैदा बाहेर मळून तयार होता. एकही ट्रे जळला नाही. दिवाळीच्या बाजारात सगळे डबे रिकामे झाले. वंदनाने तिच्या पोरीला नवा फ्रॉक घेतला आणि तो दाखवायला पोरीला धावत माझ्याकडे पाठवलं.

दिवाळीनंतर पार्ट आला. सलीम डबी हातात घेऊन म्हणाला, “आता चालून तं राह्यलं ना, बाई. मंग काऊन बसवाचा?”

मी म्हटलं, “माणसाला किती राबवायचं, सलीम?”

“नाही नाही बाई, मले काय तरास!” असं म्हणून त्याने बसवायला घेतला.

तुमचा बाबा म्हणतो, व्होल्टेज पडलं असेल. व्होल्टेज पडलं तर दिवा मंद होतो, स्विच वर जात नाही. तू झोपेत उठली असशील, असंही म्हणतो. मला जागेपणी चार पावलं टाकायला टेबलाचा आधार लागतो, पण तेही धरून चालू. मग वंदनाच्या नानकटाईचे बाकीचे ट्रे? तेव्हा मी जागी होते, आणि माझे दोन्ही हात माझ्यासमोर होते. मागची तीन वर्षं? मला उत्तर येत नाही. मुलांना मी नेहमी सांगत आले, येत नसेल तर जागा कोरी सोडा, उगाच भरू नका.

आता ओव्हन तापला की आतून बारीकसा ‘टिक’ होतो आणि दिवा विझतो. सलीमने काम चोख केलं आहे. वंदनाची मंडळी या वर्षीही येणार आहेत. केर काढताना मी स्टूल उचलते आणि परत तिथेच ठेवते. ‘टिक’ झाल्यावर मी वहीत वेळ लिहिते, आणि मग पेन हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहते.

पाठीमागून काही आवाज येत नाही.